आयकॉन गेला तरी प्रोग्राम जागेवर असतो
(प्रस्तावना)

परंड्यात काय, भूम-वाशीत काय किंवा बार्शीत काय, संगणकाच्या पडद्यावरून एखादा आयकॉन नाहीसा झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा. सल्ला देणारा माणूस वाईट नसतो. विंडोजच्या जुन्या दिवसांत त्याने तेच पाहिलेलं असतं, तास-दीड तासात यंत्र कोरं होऊन परत मिळतं आणि गिऱ्हाईकही खूश होतं. पण त्या तास-दीड तासात कधी वर्षभर टाइप केलेले अर्ज जातात, कधी मोठ्या खटपटीने बसलेलं प्रिंटरचं सेटिंग जातं, आणि कधी तर लिनक्सच जाऊन त्याच्या जागी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरचं चोरीचं विंडोज येऊन बसतं. हे सगळं कशासाठी, तर बोटाच्या पेराएवढं एक चित्र दिसत नव्हतं म्हणून. ही पुस्तिका त्या चित्राबद्दल आहे.

एवढ्याशा विषयावर पुस्तिका कशाला, असं कुणालाही वाटेल. परंड्याचं नाव काढलं की लोक किल्ल्याचं विचारतात, लिनक्सचं कोणी विचारत नाही. तरी लिनक्स इथे आहे आणि कामाच्या जागी आहे. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबुंटू या लिनक्सची खास बेतलेली आवृत्ती स्वीकारली. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातल्या चमूने मुक्त सॉफ्टवेअर वापरून उभी केली. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ मध्ये सुरू झाला, दुसरा २०१५ मध्ये, आणि १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्यासाठी चार वर्षांकरिता ७२१० कोटी रुपये मंजूर केले. परंड्याचं दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर, याच साखळीतलं.

दुसरीकडून लिनक्स येतंय ते जुन्या यंत्रांच्या वाटेने. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला निरोप दिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. त्या यादीत न बसणारं, पण तसं धडधाकट यंत्र भंगारात काढायला झेरॉक्सवाल्याचा, शाळेचा किंवा छोट्या क्लासवाल्याचा जीव होत नाही. मग कुणीतरी त्यावर लिनक्स मिंट टाकून देतो. टाकून देणारा पुढे पुण्याला नोकरीला जातो आणि यंत्र मागे राहतं.

आता अडचण सुरू होते. लिनक्स उघडून बघणारा माणूस गावात सहसा नसतो. तो सोलापुरात, पुण्यात, फोनच्या पलीकडे असतो. इकडून सांगितलं जातं, ‘काहीच दिसत नाही.’ पलीकडचा विचारतो, ‘काहीच म्हणजे काय?’ उत्तर येतं, ‘आयकॉन गेलेत.’ या दोन शब्दांचे निदान पाच अर्थ होतात. मेन्यूत प्रोग्रामचं नावच नाही, हा एक. नाव आहे पण चित्राच्या जागी कोरा कागद किंवा दातेरी चाक दिसतं, हा दुसरा. प्रोग्राम उघडतो, पण खालच्या पट्टीवर त्याचं चित्र भलतंच येतं. डेस्कटॉप साफ मोकळा होतो. नाहीतर खालची पट्टीच गायब होते आणि तिच्यासोबत सगळं जातं. पाचही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, त्यांना लागणारा वेळ वेगळा आहे, आणि पाचांपैकी एकीलाही फॉरमॅट लागत नाही. माझ्या मते या पुस्तिकेचा निम्मा उपयोग एवढाच की फोन करणाऱ्याला आपली तक्रार या पाचांतली नेमकी कोणती, हे सांगता यावं. उरलेला निम्मा उपयोग ज्याला स्वतः हात घालायचा आहे त्याला.

सातबाऱ्यावरून नाव गेलं म्हणून रान जागचं हलत नाही. लिनक्समध्ये प्रोग्राम आणि आयकॉन यांचं नातं तसंच आहे. फायरफॉक्स किंवा लिबरऑफिस हा प्रोग्राम एका जागी असतो. मेन्यूत त्याची नोंद करणारी छोटी मजकुराची फाइल दुसरीकडे असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’ असतं. चित्र तिसरीकडे असतं. डॉट डेस्कटॉप फाइल साध्या एडिटरमध्ये उघडता येते. तिच्यात नाव, चालवायची आज्ञा, कोणत्या गटात दाखवायचं आणि आयकॉनचं नाव, अशा मोजक्या ओळी असतात. आयकॉनच्या ओळीत चित्र नसतं, चित्राचं नुसतं नाव असतं. त्या नावावरून चित्र शोधायचं काम डेस्कटॉप, म्हणजे पडदा, पट्टी आणि मेन्यू मांडणारं सॉफ्टवेअर, करतो. म्हणजे ‘आयकॉन दिसत नाही’ या तक्रारीचा खरा अर्थ ‘शोध कुठेतरी अडला’ असा असतो. शोध कोणत्या वाटेने जातो हे कळलं की तो कुठे अडला ते बघता येतं.

ही वाट ठरवली गेली ती भांडण टाळण्यासाठी. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं, ग्नोम १९९७ मध्ये. दोन्ही डेस्कटॉप आपापल्या पद्धतीने मेन्यू मांडत, आणि एकासाठी केलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या मेन्यूत धड दिसत नसे. २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवणारा उपक्रम सुरू केला. तोच पुढे फ्रीडेस्कटॉप या नावाने ओळखला गेला. डॉट डेस्कटॉप फाइलचे आणि आयकॉन शोधण्याचे नियम तिथे लिहिले गेले. आज उबुंटू, मिंट, फेडोरा किंवा आपल्या सी-डॅकचं बॉस यांपैकी काहीही वापरा, नियम तेच. म्हणून ही पुस्तिका एका लिनक्सपुरती नाही.

शोधाचा क्रम थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत. (आज्ञा आणि फोल्डरची नावं टाइप करताना रोमन अक्षरांतच लागतात, ती पुढे तशी दिली आहेत. इथे आपण बोलतो तशी लिहितो.) डेस्कटॉप आधी तुम्ही निवडलेल्या थीममध्ये आयकॉनचं नाव शोधतो. तिथे हव्या त्या मापाचं चित्र मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर त्याच थीममधलं जवळच्या मापाचं उचलतो. तेही नसेल तर त्या थीमने जिला आपली आई मानलं आहे त्या थीमकडे जातो. सगळ्यांत शेवटी ‘हायकलर’ नावाची थीम येते. ती प्रत्येक लिनक्समध्ये असायलाच हवी, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपलं चित्र निदान तिथे तरी ठेवावं, अशी अपेक्षा आहे. तिथेही नाही सापडलं तर ‘पिक्समॅप्स’ हे जुनं फोल्डर चाळलं जातं, आणि तिथेही रिकामा हात आला तर कोरा कागद किंवा दातेरी चाक दाखवलं जातं.

या क्रमातूनच एक लक्षण उलगडतं. आकर्षक दिसणारी नवी थीम उतरवून घेतली आणि निम्मे आयकॉन कोरे झाले, तर बहुतेकदा त्या थीमच्या सूचीफाइलमध्ये आईचं नाव चुकलेलं असतं किंवा ती आई-थीम यंत्रात बसवलेलीच नसते. जुनी थीम परत निवडून बघा. आयकॉन परत आले तर दोष प्रोग्रामचा नव्हता, हे दहा सेकंदांत ठरलं.

दुसरी चूक स्वतः डॉट डेस्कटॉप फाइल लिहिणाऱ्यांची. आयकॉनच्या ओळीत एकतर चित्राचा पूर्ण पत्ता द्यायचा, नाहीतर नुसतं नाव द्यायचं, शेवटचं ‘डॉट पीएनजी’ न लावता. बरेच जण नावाला ‘डॉट पीएनजी’ जोडतात. काही डेस्कटॉप ते चालवून घेतात, काही घेत नाहीत, आणि मग ‘माझ्याकडे दिसतं, त्याच्याकडे दिसत नाही’ हा वाद रंगतो.

आता कॅशकडे येऊ. या भागावर जरा थांबायला हवं, कारण हुशार माणसंही इथेच दमतात. हजारो चित्रांची फोल्डरं दर वेळी चाळणं जड जातं, म्हणून जीटीके (खिडक्या आणि बटणं काढणारी साधनपेटी) वापरणारे डेस्कटॉप थीमच्या फोल्डरात एक तयार यादी ठेवतात, तीच कॅश. यादी ताजी आहे की शिळी हे ओळखायची त्यांची रीत साधी आहे: थीमच्या वरच्या फोल्डरची वेळ यादीच्या वेळेपेक्षा नवी असेल तर यादी शिळी समजायची. पण तुम्ही चित्र टाकता ते वरच्या फोल्डरात नाही, तर आतल्या ‘अठ्ठेचाळीस बाय अठ्ठेचाळीस’ आणि त्याच्याही आतल्या ‘अ‍ॅप्स’ या फोल्डरात. वेळ बदलते ती आतल्या फोल्डरची. वरचं फोल्डर जुनंच दिसतं, जुनी यादी ताजी समजली जाते आणि तुमचं चित्र डोळ्यांसमोर असूनही यंत्राला सापडत नाही. नियम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. चित्र टाकल्यावर वरच्या फोल्डरला ‘टच’ करून त्याची वेळ बदला, असं त्यांनी लिहूनच ठेवलं आहे. नाहीतर ‘जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅश’ ही आज्ञा चालवून यादी नव्याने करायची. उबुंटू आणि मिंटमध्ये रीतसर पॅकेज बसवलं तर हे आपोआप होतं. टार फाइल उलगडून हाताने बसवलेल्या प्रोग्रामांचे आयकॉन हरवतात, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतलेल्यांचे सहसा हरवत नाहीत, यामागे एवढंच कारण आहे.

मेन्यूत नावच नाही, ही तक्रार चित्राच्या शोधाशी संबंधित नाही. तिथे डॉट डेस्कटॉप फाइल एकतर सापडत नाही किंवा मुद्दाम झाकलेली असते. ‘नोडिस्प्ले’ किंवा ‘हिडन’ अशी ओळ तिच्यात असू शकते. ‘ओन्लीशोइन’मध्ये फक्त ग्नोमचं नाव असेल तर एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये ती दिसणार नाही. ‘ट्रायएक्झेक’ या ओळीत दिलेला प्रोग्राम यंत्रात नसेल तर पूर्ण नोंद गुपचूप वगळली जाते. आणखी एक कारण वारंवार निघतं. वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात, ‘डॉट लोकल’च्या आत, त्याच नावाची डॉट डेस्कटॉप फाइल असेल तर सिस्टीमची फाइल बाजूला पडते आणि घरची चालते. कुणीतरी कधीकाळी मेन्यू एडिटरमध्ये काही बदललेलं असतं, त्याची प्रत घरात राहिलेली असते, आणि प्रोग्राम नवा झाला तरी नोंद जुनीच दिसते. ती प्रत तिथून हलवली की काम झालं.

सगळा मेन्यूच रिकामा झाला तर मात्र ‘एक्सडीजी डेटा डर्स’ नावाचं एक चल तपासा. मेन्यूच्या नोंदी कोणकोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्याची ती यादी. फ्लॅटपॅक या प्रोग्राम बसवायच्या वेगळ्या पद्धतीसाठी एक फोल्डर जोडा, असा सल्ला कुठेतरी वाचून माणूस प्रोफाइल फाइलमध्ये ओळ लिहितो, पण जुनी यादी पुढे जोडायला विसरतो. पुढच्या लॉगिनला यादीत एकच फोल्डर उरतं आणि बाकी सगळे प्रोग्राम मेन्यूतून उठून जातात. प्रोग्राम डिस्कवर जसेच्या तसे असतात. घाबरण्यासारखं काही नसलं तरी दृश्य घाबरवणारं असतं खरं. फ्लॅटपॅक पहिल्यांदाच बसवलं असेल तर एकदा लॉगआउट करून परत आत या. कित्येकदा तेवढंच लागतं.

उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत फायरफॉक्स स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज-पद्धतीने येतो. स्नॅपच्या आयकॉनच्या पत्त्यात आवृत्तीचा क्रमांक असतो. कुणी त्या डॉट डेस्कटॉप फाइलची प्रत डेस्कटॉपवर काढून ठेवली तर काही आठवडे सगळं ठीक चालतं. फायरफॉक्स आपोआप नवा होत राहतो, जुन्या आवृत्त्या काढून टाकल्या जातात, आणि एके सकाळी डेस्कटॉपवरच्या त्या प्रतीचं चित्र नाहीसं होतं. ‘काही केलं नव्हतं, आपोआप गेलं’ हे गिऱ्हाइकाचं म्हणणं इथे अक्षरशः खरं असतं.

खालच्या पट्टीवर भलतंच चित्र येणं हा चालू खिडकी आणि डॉट डेस्कटॉप फाइल यांची जोडी न जुळण्याचा प्रकार. त्याने काम अडत नाही, म्हणून त्याला पुस्तिकेत पान-दीड पान पुरलं.

काही आयकॉन हरवत नाहीत, काढले जातात. याबद्दल माझं मत जरा कडक आहे. २००९ मध्ये ग्नोम २.२८ ने मेन्यूंमधली छोटी चित्रं बंद करून ठेवली, आणि चालू करायची कळ सामान्य माणसाला सापडणार नाही अशा जागी गेली. २०१८ मध्ये ग्नोम ३.२८ ने तर डेस्कटॉपवर आयकॉन ठेवायची सोयच फाइल व्यवस्थापकातून काढली. उबुंटूने १८.०४ मध्ये जुना फाइल व्यवस्थापक ठेवून वेळ मारून नेली आणि पुढे ते काम एका एक्स्टेन्शनवर सोपवलं. आतला कोड जुनाट झाला होता, हे निर्मात्यांचं कारण खोटं नाही. पण ज्याची सगळी कचेरी डेस्कटॉपवरच मांडलेली असते अशा माणसाचा त्यांनी विचार केला होता, असं मला वाटत नाही. एक्स्टेन्शन बंद पडलं की डेस्कटॉप मोकळा दिसतो; फाइली मात्र ‘डेस्कटॉप’ नावाच्या फोल्डरात सुखरूप असतात. हे वाक्य दुकानात चिकटवून ठेवावं इतकं उपयोगी आहे. डेस्कटॉपवर नव्याने ठेवलेला लाँचर चित्राऐवजी साध्या फाइलसारखा दिसत असेल तर त्यावर उजवी क्लिक करून त्याला चालू व्हायची परवानगी द्यायची असते. ही परवानगी सुरक्षेसाठी आहे आणि ती योग्यच आहे.

आपल्या भागातलं एक कारण शहरातल्या पुस्तकांत कोपऱ्यात असतं. इथे त्याला पूर्ण प्रकरण दिलं आहे. वळवाचा पाऊस येतो, लाईट जाते, यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली असते. यंत्र लिहिता लिहिता बंद पडतं. बहुतेक लिनक्स वापरतात ती ईएक्सटी४ ही फाइल व्यवस्था डिस्कवर लिहिणं थोडं लांबवते. २००९ च्या सुमारास अशा अचानक बंद पडण्याने केडीई आणि ग्नोमच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन बसत, आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. पुढे ईएक्सटी४ मध्ये सुधारणा झाली, धोका खूप कमी झाला, पण संपला नाही. लाईट गेल्यानंतर आयकॉन गेले असतील तर घरच्या फोल्डरात शून्य आकाराच्या डॉट डेस्कटॉप फाइली शोधा आणि ‘डॉट कॅश’ फोल्डरचं नाव बदलून पुन्हा लॉगिन करा. कॅश पुन्हा तयार होते. डिस्क काठोकाठ भरली असेल तरीही लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात, म्हणून आधी रिकामी जागा बघायची.

स्वतः तपासणाऱ्याने सुरुवात कुठून करावी, यावर माझं म्हणणं ठाम आहे. आल्ट आणि एफ२ दाबून प्रोग्रामचं नाव टाइप करा. तो उघडला तर प्रोग्राम आहे, प्रश्न फक्त नोंदीचा किंवा चित्राचा. मग यंत्रावर दुसरा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने आत जा. तिथे आयकॉन दिसला तर दोष पहिल्याच्या घरच्या फोल्डरात आहे, सिस्टीमला हात लावायचं कारणच नाही. तिथेही दिसला नाही तर दोष सिस्टीमच्या फोल्डरांत आहे, आणि तेवढंच पॅकेज पुन्हा बसवून बघायचं. ही एक परीक्षा आज्ञांच्या लांबलचक याद्यांपेक्षा जास्त काम करते. ती आधी करायची सोडून माणसं सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने, एकामागून एक आज्ञा मारत सुटतात, आणि घरच्या फोल्डरातल्या फाइली रूटच्या मालकीच्या करून नवाच गोंधळ घालतात.

मराठी भाषा निवडलेल्या यंत्रांसाठी एक सूचना. डॉट डेस्कटॉप फाइलमध्ये प्रोग्रामचं मराठी नाव वेगळ्या ओळीत देता येतं. भाषा बदलली की नाव बदलतं, नावांचा क्रमही बदलतो, आणि ‘वरून तिसरा’ म्हणून लक्षात ठेवलेला आयकॉन चार घरं खाली जातो. गेला म्हणायच्या आधी मेन्यू शेवटपर्यंत बघावा.

न्यायालयात किंवा कुठल्याही सरकारी कचेरीत काम करणाऱ्यांनी मात्र पुढची प्रकरणं वाचावीत ती तक्रार नीट सांगण्यापुरती. तिथली आवृत्ती ठरवून दिलेली असते, तिच्यात बदल करायचा अधिकार जिल्ह्याच्या सिस्टीम अधिकाऱ्यांचा. त्यांना फोन करताना तीन गोष्टी जवळ असू द्या: पाचांतली तक्रार कोणती, आल्ट-एफ२ ने प्रोग्राम उघडतो का, आणि डिस्कवर किती जागा मोकळी आहे.

उदाहरणं उबुंटू, मिंटचं सिनॅमन आणि जुन्या यंत्रांवर हलकं चालणारं एक्सएफसीई यांची घेतली आहेत. केडीईचं प्रकरण शेवटी स्वतंत्र ठेवलं, कारण नियम तेच असले तरी मेन्यूच्या नोंदींची यादी ते स्वतःच्या वेगळ्या साठ्यात ठेवतं आणि ती नव्याने बांधायची आज्ञाही वेगळी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीईचं प्लाझ्मा ६ आल्यावर त्या आज्ञेच्या शेवटचा आकडा पाचाचा सहा झाला. जुन्या यंत्रावर पाच, नव्यावर सहा, एवढं बघून ती चालवावी.